पाण्यातली यंदाची वाट

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्या वाडीतली जुनी रीत. माझा बाप माझ्या बहिणीकडे जायचा तेव्हा धोतराच्या सोग्यात पोहे बांधून न्यायचा आणि तिच्या पडवीत बसून कोरडेच चावायचा. आत बहीण डोळे पुसायची, बाहेर हा पोहे चावायचा. लोक हसायचे. मी कधी हसलो नाही. आणि त्याच बापाचा मुलगा मी, आषाढापासून दिवाळीपर्यंत लेकीच्या घरी दोन्ही वेळा जेवलो, वर ताकही प्यालो.

इलाज नव्हता. आषाढात आमच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळ धरतं. उभा जन्म तिच्यावरून अनवाणी गेला, पण त्या दिवशी पाय सुटला आणि खुब्याचं हाड गेलं. रत्नागिरीला नेऊन आत सळी घातली. बायको जाऊन तीन पावसाळे झाले होते. मूल एकच, ही मुलगी, आणि ती दिली हर्ण्याला. डॉक्टर काय बोलला ते मला कळायच्या आत तिने मला गाडीत आडवा घातला आणि नेला. मी वाटेत चिपळूणसारखी गावं खिडकीतून उलटी बघत गेलो. रस्त्याने गेलं की गाव असंच लांब जातं. समुद्रावरून तेच गाव एका दिवसाच्या अंतरावर.

जावई माणूस चांगला. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडून निघता आलं असतं. स्वतःची होडी, तिचं सुकाणू धरणारा तांडेलही स्वतःच, तोंडात शिवी नाही. मला खाट खिडकीपाशी दिली, समुद्र दिसावा म्हणून. पण तो समुद्र माझा नव्हता. हर्ण्याचा किल्ला, हर्ण्याच्या होड्या, संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव चालायचा त्याचा गलका. लोक येता-जाता विचारायचे, "कसं काय मामा, पाय काय म्हणतो?" चांगली माणसं. पण आमच्या खाडीत मी तांडेल होतो आणि इथे कोणाचा तरी सासरा.

काठीशिवाय चार पावलं टाकायला लागलो तसा मी लेकीला म्हटलं, "बाय, आता मी जातो."

ती भाकरी थापत होती. "कुठे?"

"घरी."

"कोण आहे तिथे?"

मी आवाज चढवला. "घर आहे ना. घराला कोण लागतं?"

"घराला दोन पाय लागतात, बाबा. तुमचा एकच धड आहे."

ती माझीच मुलगी. बोलण्यात मला कधी हार गेली नाही. चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो ते फक्त मीठ पाहिजे का, एवढंच. शेवटी जावयाने मध्ये तोंड घातलं. त्याच्या होडीच्या इंजिनात काही बिघाड होता आणि त्याला मिरकरवाड्याच्या कारागिराकडे जायचं होतं. आमची खाडी त्याच वाटेवर, गणपतीपुळं मागे पडलं की मिऱ्याच्या डोंगराच्या आधी. तो म्हणाला, "मामा, माझ्याबरोबर चला. भरतीला तुमच्या खाडीत शिरतो आणि धक्क्याला होडी लावतो. कोणाचा हात न धरता धक्क्यावर पाय टाकलात, तर राहा. मी हिला समजावतो. हात धरावा लागला, तर परवा परत येताना याच होडीतून हर्णे. कबूल?"

तो तांडेल होता म्हणून त्याला हे सुचलं. आमच्याकडे माणूस समुद्रातून कधी सुटला, हे धक्क्यावर ठरतं. होडी वर-खाली होत असते, धक्का जागचा हलत नाही. त्या दोघांच्या मधल्या फटीवरून पाय टाकायचा क्षण एकच असतो. जो हात पुढे करून म्हणतो, "धर रे जरा," त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे कोणी हाक मारत नाही. कोणी काही बोलतही नाही. नुसती हाक येत नाही. मी असे पुष्कळ म्हातारे पाहिलेत. पहाटे उठून, तोंड धुऊन, पडवीत बसून राहिलेले.

"कबूल," मी म्हटलं.

लेक नवऱ्यावर भडकली. "तुम्हाला ते पाण्यात पडलेले बघायचेत काय?" तिने मला पिशवीत लाडू, गोळ्या आणि घोंगडी भरून दिली, पण वाकून नमस्कार केला तो रागातच. मीही तिच्या डोक्यावर हात ठेवला तो घाईतच. आता वाटतं, जरा वेळ ठेवायला हवा होता.

हर्ण्याला होडी वाळूला लागत नाही. कमरेभर पाण्यातून लहान होडीत, आणि तिथून मोठ्या होडीवर. मला त्या पाण्यातून जावयाच्या खलाशाने पाठीवर घेतलं. हा खलाशी नेपाळचा, वय जावयापेक्षा थोडं जास्तच, घरी बायका-मुलं. आता आमच्या किनाऱ्याला होड्यांवर बहुतेक नेपाळीच, आमची पोरं मुंबईला. मी डोळे मिटून घेतले. उजाडलं होतं आणि वाळूवर माणसं होती.

"बाबाजी, तुम्ही एकदम हलका," तो म्हणाला.

"मासळीची टोपली समजून आपटू नको म्हणजे झालं."

"टोपलीचा भाव मिळतो, बाबाजी."

जावई हसला. मी नाही हसलो, पण बोलणं बरोबर होतं.

होडी सुटली तेव्हा मतलई वाहत होती. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा येतो, गार, आणि त्याला गवताचा, शेणाचा, चुलीच्या धुराचा वास असतो. तो मतलई. मी पुढे, होडीच्या टोकाला, नाळेजवळ बसलो. खाली इंजिन धडधडत होतं आणि ती धडधड खुब्यातल्या सळीतून दातापर्यंत येत होती. दाभोळच्या तोंडाशी वाशिष्ठीचं पाणी वेगळं दिसलं, तांबूस, चिपळूणकडची माती घेऊन आलेलं. जावई म्हणाला, "मामा, आत छपराखाली बसा, ऊन लागेल." मी ऐकलं नाही. गुहागर गेलं. जयगडला दीपगृह तेच होतं, बाकी सगळं नवं, कोळशाची जहाजं, लोखंडी चिमण्या. आम्ही शिडावर जायचो तेव्हा जयगडला रात्र काढायचो. आता जयगड येतं आणि जातं, चहा निवायच्या आत.

जयगड गेल्यावर एक गोष्ट झाली. ती सांगायला मला नीट शब्द नाहीत, शाळा चौथीपर्यंतच झाली. मी किनाऱ्याला पाठ करून बसलो होतो, खलाशी चहा देत होता, मी तिकडे बघतही नव्हतो. आणि होडीची चाल बदलली. लाट खालून येते ती इकडे जरा तिरपी येते, एक मोठी आणि मागे दोन आखूड. हे मला माझ्या ढुंगणाने सांगितलं, डोळ्यांनी नाही. खुब्यात दुखत होतं ते थांबलं असं म्हणणार नाही, पण मी दुखणं विसरलो. पाण्याला नाव लिहिलेलं नसतं. तरी मला कळलं की इथून पुढे माझं आहे. इतके महिने मी अंग चोरून बसत होतो, लेकीच्या घरी खाटेवर, खुर्चीवर, सगळीकडे. इथे पहिल्यांदा पाय पसरले.

घर जवळ आलं म्हणून मी पिशवी गळ्यात अडकवली. खलाशी म्हणाला, "अजून टाइम आहे, बाबाजी." मी म्हटलं, "तुला काय ठाऊक?"

आमच्या खाडीच्या तोंडाशी, आत शिरताना डाव्या हाताला, काळा खडक आहे. तो राखणदाराचा. मूर्ती नाही, देऊळ नाही, नुसता खडक आणि वर एक लाल फडका. बाहेरून येणारी होडी तिथे हळू करायची, नारळ पाण्यात सोडायचा आणि तांडेलाने उभं राहून गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सांगणं. तांडेल एक वाक्य बोलतो आणि होडीवरचे सगळे एका आवाजात म्हणतात, "होय महाराजा." त्याशिवाय पुढचं वाक्य नाही. होय म्हणणारा नसेल तर गाऱ्हाणं पोचत नाही, ते बोलणाऱ्याच्या तोंडात राहतं. आणि बोलणाऱ्याने स्वतःच होय म्हणायचं नाही, हा नियम. हे सगळं मी बापाकडून घेतलं आणि माझ्या होडीवर उभी हयात चालवलं. सहा-सात माणसं एकदम होय म्हणाली की छातीच्या आत ऐकू यायचं.

जावयाने मला न विचारता इंजिन हळू केलं. लेकीने सांगितलं असणार. तो सुकाणूपाशी चपला काढून उभा राहिला. मी नारळ सोडला आणि एक हात दोराला धरून उभा राहिलो.

"बा राखणदारा महाराजा," मी म्हटलं, "तुझी लेकरं तुझ्या पाण्यावरून गेली होती, ती परत आली महाराजा."

आणि थांबलो.

हर्ण्याला हे नाही. त्यांचं नारळ आणि नमस्कार. जावई हात जोडून उभा होता, डोळे मिटलेले, भक्तिभावाने, गप्प. खलाशाने माझ्याकडे पाहून डोकं लववलं. इंजिन फटफटत होतं. लाल फडका वाऱ्यावर हलत होता. मी एवढंच म्हणायचं होतं, "बाबांनो, होय महाराजा म्हणा." दोघांनी लगेच म्हटलं असतं. पण मी आयुष्यात कोणाला होय म्हण म्हणून सांगितलेलं नाही. माझ्या होडीवर ते न सांगता यायचं.

मी थांबलो. बराच थांबलो. मग हळूच, ओठातल्या ओठात, मीच म्हटलं, "होय महाराजा." आणि बसलो. पुढचं गाऱ्हाणं घातलंच नाही.

तेवढ्यात भरती संपून पाणी बाहेर ओढायला लागलं होतं.

"मामा," जावई म्हणाला, "मी काळबादेवी गावातल्या एकाला फोनवर विचारलं होतं. तो म्हणतो, यंदा वाट दक्षिणेच्या बाजूने आहे."

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. दर पावसाळ्यात नदी तो फोडते आणि नवीन जागी वाट काढते. म्हणून पावसाळा संपला की वाडीतला तांडेल पहिल्यांदा काठी घेऊन ओहोटीला चालत जातो, काठी रुतवून पाणी मोजतो आणि यंदाची वाट कुठली ते ठरवतो. हे काम माझं होतं. दर वर्षी माझंच. हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरी मी जावयाला म्हटलं, "आमच्या खाडीची वाट मला दुसऱ्या गावचा सांगणार? टोकावरची उंडी आणि देवळाचा कळस एका रेषेत धरा आणि सरळ घ्या."

"कुठली उंडी, मामा?"

मी बघितलं. टोकावर उंडीचं झाड नव्हतं. माझ्या आजाच्या वेळचं झाड, आणि नुसतं आभाळ. त्या क्षणी गप्प बसायला हवं होतं. पण उंडी असायची तिथे मागे कोणाच्या तरी माडाची शेंडी दिसत होती, आणि मी म्हटलं, "तीच ती, तो माड. त्याच्यावर घ्या." म्हटलं आणि ऐकताना मलाच ते खोटं वाटलं.

जावयाने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि सुकाणू फिरवलं. सासऱ्याला दोनदा विचारणारा माणूस नव्हता तो.

होडी वाळूवर चढली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. नुसती थांबली, जसं कोणी मागून सदरा धरावा. खाली पाणी गुडघ्यापेक्षा थोडं वर. समोर धक्का दिसत होता, हाकेवर. मी ज्या पायरीवर पाय टाकायला महिनोन् महिने खाटेवर पडून पाय ताणत होतो, ती पायरी ओली चकचकत होती आणि तिच्यापर्यंत जायला पाणी नव्हतं.

जावयाने लगेच इंजिन मागे टाकलं. होडी थरथरली, हलली नाही. खलाशी पाण्यात उतरून नाळेला खांदा लावून ढकलायला लागला.

"मामा, पाणी पटकन जातंय," जावई म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "आता निघाली नाही तर पहाटेपर्यंत इथेच. आडवी झाली तर फळ्या जातील."

मी धड पाय बाहेर टाकला.

"तुम्ही नको. अहो मामा, तुम्ही नको."

तोवर दुसराही बाहेर होता. दोर धरून उतरलो, कोणाचा हात नाही. दोर म्हणजे हात नव्हे. पायाला वाळू लागली आणि मी पडायची वाट बघितली. पडलो नाही. पाण्यात पायाला वजन नसतं. सळीवाला पाय आणि धड पाय पाण्यात सारखेच. मी खलाशाच्या शेजारी जाऊन नाळेला पाठ लावली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबाजी, तुम्ही उतरला, म्हणून हलका झाली होडी."

"तोंड बंद कर आणि ढकल."

एक लाट आली, तिने होडीचं पोट उचललं आणि त्याच वेळी इंजिनाने मागे ओढलं. होडी सुटली. खलाशी दोराला लोंबकळून वर गेला. बाहेर जाणाऱ्या पाण्याने होडीला लगेच खोल पाण्यात नेलं. मी उभा होतो तिथेच राहिलो, मांडीला पाणी, गळ्यात पिशवी.

जावयाने होडी वळवली. परत माझ्याकडे यायला वाट नव्हती, हे त्याला कळत होतं आणि मलाही. खलाशाने लांब बांबू उचलून माझ्याकडे फेकला. "बाबाजी, काठी." तो तरंगत माझ्या हाताशी आला.

"मामा," जावई ओरडला, "परवा भरतीला येतो तुम्हाला न्यायला."

"या," मी ओरडलो. "जेवायला या."

होडी मिऱ्याच्या डोंगराकडे लहान होत गेली. मी बांबू टेकत दांड्यावरून चालत किनाऱ्याला लागलो. पाणी कमी होत गेलं तसा पाय जड होत गेला, आणि कोरड्या वाळूवर तर तो पाय माझा नव्हताच. धक्क्याच्या पायऱ्या मी बसून, हातांवर रेटा देत चढलो. बघायला कोणी नव्हतं. बघायला कोणी नाही हे बरं वाटलं, आणि मग नाही बरं वाटलं.

वाडीत निम्म्याहून जास्त घरांना कुलुपं. ती गणपतीला उघडतात, शिमग्याला उघडतात. शेजारची वहिनी तेवढी घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालून बसली होती, यंदाची नव्हे, जुनीच, परत उन्हं दाखवायला काढलेली. माझ्या घराची चावी तिच्याकडेच. तिने मला पाहिलं, ओला, बांबू घेतलेला.

"आलात काय भावजी? मला वाटलं आता हर्णेकर झालात."

"उंडी कधी पडली?"

"श्रावणात. रातचा वारा होता. तुम्हाला कोणी कळवलं नाय?"

"नाही."

"लाकूड गेलं पण," ती म्हणाली आणि चावी आणून दिली. "चहा ठेवू?"

"नको. चूल पेटवतो माझी."

समुद्रावरून मी घरी यायचो तेव्हा बायको खळ्याच्या कडेला पाण्याने भरलेली कळशी घेऊन उभी असायची. बोलायची नाही. पायांवर गोडं पाणी ओतायची, खारं उतरेपर्यंत, मग आत वळायची. भांडण झालेलं असलं तरी पाणी ओतायची, फक्त जरा जोरात. मी खळ्याच्या कडेला उभा राहिलो. का उभा राहिलो ते कळायला थोडा वेळ गेला. मग विहिरीवर जाऊन बांबूला टेकून अर्धी बादली काढली आणि पायावर ओतली. आपलं आपणच ओतलं की पाणी नुसतं पडतं. त्या रात्री लेकीचे लाडू खाल्ले आणि झोपलो. पिंडऱ्यांना मीठ चिकटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. बांबू घेतला आणि दांड्यावर गेलो. वहिनीने विचारलं कुठे, मी सांगितलं, काम आहे. खरंच काम होतं. जिथे पाणी वाहत होतं तिथे काठी रुतवत, पाऊल टाकत, परत रुतवत गेलो. वाट दक्षिणेकडेच होती. काळबादेवीचा माणूस बरोबर होता. ती आधी सरळ दक्षिणेला जाते, मग खडकाकडे कोपर काढते आणि धक्क्यासमोर येऊन मोकळी होते. असं वळण ह्या खाडीने माझ्या आठवणीत कधी घेतलं नव्हतं. मला राग आला. मी नसताना हिने हे केलं. मग कमरेभर पाण्यात उभा राहून वाटलं, मी असतो तरी हिने हेच केलं असतं, मी फक्त ते बघायला असतो. निरगुडीच्या फांद्या तोडून आणल्या होत्या. त्या वाटेच्या दोन्ही अंगांना रोवल्या, दर वर्षी रोवतो तशा. वाडीत आता आत येणारी होडी एकही नाही. पण उद्या एक येणार होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर मासेवालीकडून बांगडे घेतले. मासळी विकत घ्यायची सवय नाही, लाज वाटली. वहिनीकडून सोलं मागितली, तिरफळं घरात होती. बांगड्याचं तिखलं केलं, उकड्या तांदळाचा भात. जावयाला जेवायला घालणार होतो, माझ्या घरात, माझ्या ताटात. इतक्या महिन्यांचं ओझं एका ताटात उतरत नाही हे मला कळतं, पण कुठून तरी सुरुवात. दोन पाट मांडले. मग खलाशी आठवला, तिसरा मांडला.

आणि धक्क्यावर जाऊन बसलो. भरती चढत होती. माझ्या फांद्या बुडत बुडत नुसते शेंडे उरले, सरळ दोन ओळी, कोपराशी वळलेल्या. लहान मुलालाही होडी आत आणता आली असती. मी मनात बोलणं ठरवत होतो. तो म्हणेल, करार धक्क्याचा होता मामा, तुम्ही तर पाण्यात उतरलात. मी म्हणेन, मग आता चढून उतरून दाखवतो. खरं सांगायचं तर, पाय त्या दिवशी सुजलेला होता. होडीवर चढलो असतो तर हात धरल्याशिवाय उतरलो नसतो. हे मला माहीत होतं, आणि बहुधा त्यालाही.

दुपार कलल्यावर होडी मिऱ्याच्या बाजूने दिसली. इंजिनाचा आवाज आता स्वच्छ होता. राखणदाराच्या खडकासमोर ती हळू झाली. कोणीतरी नारळ सोडला. मग जावई नाळेवर येऊन उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून, खडकाकडे तोंड करून. त्याचे ओठ हललेले इतक्या लांबून दिसणार नाहीत, पण माणूस बोलतो तेव्हा त्याचे खांदे वेगळे असतात. तो बोलला. आणि थांबला. त्याला शब्द कुठले येत होते, एकदाच ऐकलेले, तेही अर्धे. काय बोलला असेल देव जाणे. पण थांबला मात्र बरोबर जागी.

मी उभा राहिलो, बांबूला धरून, आणि म्हटलं, "होय महाराजा."

आयुष्यभर मी बोलणारा होतो. होय म्हणणारा पहिल्यांदाच झालो. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. धक्क्याखालचा बगळा उडाला. तो परत बोलला, परत थांबला. मी परत म्हटलं. त्याला ऐकू गेलं नसणार, वारा माझ्या तोंडावर होता.

मग होडीने वेग घेतला. मला वाटलं, आत वळेल. नाळ वळली नाही. ती उत्तरेला सरळ गेली.

खिशात फोन वाजला.

"मामा, आत पाणी दिसत नाही हो. तसाच जातो. रागावू नका."

माझ्या पायाखाली धक्क्याची वरून दुसरी पायरी बुडाली होती. खाडी काठोकाठ भरलेली, फांद्यांचे शेंडेसुद्धा आता दिसत नव्हते. तांडेल माणसाला खडकावरची पाण्याची खूण बाहेरूनसुद्धा दिसते.

"हो," मी म्हटलं. "पाणी नाही. सांभाळून जा."

"हिला सांगतो, मामा धक्क्यावर उतरले म्हणून."

"हात न धरता?"

"हात न धरता."

 त्याच्या मागे इंजिन ऐकू येत होतं. या, एवढा एकच शब्द मला बोलायचा होता. वळा, या, भात झालाय. तो आला असता. पण आला असता तर मला बघून त्याला न्यावंच लागलं असतं, म्हणून तो आला नाही. त्याने मला जे दिलं ते परत कसं करणार?

"बायला म्हणावं, लाडू चांगले होते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

होडी जयगडकडे दिसेनाशी होईपर्यंत बसलो. मग घरी येऊन दोन पाट भिंतीला उभे केले आणि एकावर बसलो. भात गार झाला होता. तिखलं मात्र चांगलं झालं होतं, सोलं मुरली होती. तीन माणसांचं होतं, दुसऱ्या दिवशीही पुरलं.